फळ्यावरचे चोवीस तास

विद्यापीठ म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? परीक्षा, निकाल, पदवीचा कागद आणि थोरल्या भावंडांना अर्ज हातात धरून जिच्यापुढे ताटकळावे लागते ती खिडकी. बहुतेकांना एवढेच ठाऊक असते. ही झाली विद्यापीठाची एक बाजू. दुसरी बाजू पाहायची असेल तर २८ फेब्रुवारीच्या सुमारास पुण्याला गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात जा. तेथेही रांग दिसेल, पण ती खिडकीपुढची नव्हे. गणवेशातली मुले, डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणारे शिक्षक, कडेवर मूल घेतलेल्या आया, हातात काठी असलेले एखादे आजोबा, अशी मंडळी ‘आयुका’ या संस्थेच्या फाटकातून आत जाताना दिसतील. त्यांतल्या कोणालाही परीक्षा द्यायची नसते, की दाखला काढायचा नसतो.

२८ फेब्रुवारी ही तारीख का, हे तुम्हाला माहीत असेलच. १९२८ साली याच दिवशी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला प्रकाशाच्या विकिरणाचा शोध जाहीर केला आणि दोन वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. तो पाळण्याच्या पद्धती मात्र निरनिराळ्या आहेत. काही ठिकाणी रामन यांच्या तसबिरीला हार घालून, दोन भाषणे करून तो पार पडतो. हाराला माझी हरकत नाही. पण ज्या माणसाने समुद्र निळा का दिसतो या साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला, त्याच्या नावाच्या दिवशी एकाही मुलाने एकही प्रश्न विचारू नये, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आयुका ही खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी या विषयांत संशोधन करणारी संस्था. देशातल्या सर्वच विद्यापीठांतील प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना तिथे येऊन काम करता यावे या हेतूने ती १९८८ मध्ये स्थापन झाली. डॉ. जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक संचालक. २००३ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. इमारतींचा आराखडा चार्ल्स कोरिया या प्रसिद्ध वास्तुशिल्पकाराचा. आतल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मुले प्रथम तिथेच रेंगाळतात आणि न्यूटनच्या शेजारी बसून छायाचित्र काढून घेतात. घेऊ द्यावे. मोठ्या माणसांची भीती मोडण्याचा तोही एक उपाय आहे.

विज्ञान दिनाच्या निमित्ताने ही संस्था आपली दारे सर्वांना उघडते. एरवी संगणकापुढे किंवा फळ्यापुढे बसलेले संशोधक त्या दिवशी तक्त्यांजवळ उभे असतात आणि कृष्णविवर म्हणजे काय, गुरुत्वतरंग कसे पकडतात, हे आठवीतल्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगण्याची खटपट करतात. ही खटपट पाहण्यासारखी असते. आपल्या विषयात पारंगत असलेला माणूस “पण मग त्याच्या आधी काय होते?” या एका प्रश्नाने क्षणभर कसा थांबतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. व्याख्याने होतात, शाळांसाठी प्रश्नमंजूषा आणि चित्रांच्या स्पर्धा होतात, आणि संध्याकाळी आकाश निरभ्र असले तर दुर्बिणीपुढे पुन्हा रांग लागते. त्याच सुमारास जुन्नर तालुक्यातल्या खोडदलाही असाच मेळा भरतो. तिथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती चालवणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे कार्यालय पुणे विद्यापीठाच्या याच आवारात आहे. आसपासच्या गावांतल्या शाळा खोडदला आपापले प्रयोग मांडतात.

तुम्ही म्हणाल, वर्षातून एक दिवस दारे उघडून काय होणार? शंका रास्त आहे. आयुकातले काम एका दिवसापुरते राहिले नाही, हेच तर त्याचे वैशिष्ट्य. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान ठेवण्याचा प्रघात तिथे पडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक मुलांना आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायला मिळू लागले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे हे नाव, आणि त्यात ‘पुल’ही दडलेले! अरविंद गुप्ता यांनी तिथे २००३ पासून दहा-अकरा वर्षे काम केले. आगपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, शीतपेयांच्या नळ्या असल्या टाकाऊ वस्तूंपासून त्यांनी किती खेळणी करून दाखवली याची गणतीच नाही.

या साऱ्यांत मला सर्वात आवडते ती गोष्ट मात्र अगदी लहानशी आहे. नारळीकरांचे व्याख्यान संपले की मुले वह्या पुढे करून सहीसाठी गराडा घालत. नारळीकर वहीवर सही देत नसत. ते सांगत, विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठव. उत्तराखाली माझी सही असेल. सही हवी तर प्रश्न हवा, असा तो रोकडा व्यवहार होता. २० मे २०२५ रोजी नारळीकर आपल्यातून गेले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती पोस्टकार्डे अजून जपून ठेवलेली असतील.

या पोस्टकार्डाची खरी किंमत मला फार उशिरा कळली, आणि तीही एक चूक केल्यानंतर. आज सांगायची आहे ती त्या चुकीचीच हकिकत.

गोळाफेकीचा गोळा आणि नऊ मीटर तार

पुण्याच्या पूर्वेला तासाभराच्या अंतरावर एका गावी मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. २०११ च्या विज्ञान दिनाला मी आमच्या वर्गातली वीस-बावीस मुले घेऊन आयुकात गेलो होतो. तिथे इमारतीत फुको लंबक आहे. उंच छतापासून लांब तारेने टांगलेला जड गोळा संथपणे झुलत असतो आणि तासा-दोन तासांनी पाहावे तो त्याच्या झोक्याची दिशा थोडी वळलेली असते. लंबक वळलेला नसतो. आपल्या पायांखालची जमीन वळलेली असते. परतीच्या एस. टी.त मुलांनी ठरवूनच टाकले की पुढच्या वर्षी आपण आपल्या महाविद्यालयात असा लंबक टांगायचा आणि भोवतालच्या शाळांना बोलवायचे.

पैसे नव्हते. पण जिमखान्यात गोळाफेकीचा सव्वासात किलोचा गोळा होता. गावातल्या लेथवाल्याने त्याला मधोमध भोक पाडून दिले. जिन्याच्या मोकळ्या भागात तिसऱ्या मजल्याच्या तुळईपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंत नऊ मीटर पोलादी तार बसली. तारेचे वरचे टोक कशात धरायचे, हा मोठाच प्रश्न होता. गाठ मारली तर तार एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला ताठ राहते. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी जुन्या ड्रिल यंत्राचा चक आणून दिला. तीन जबड्यांच्या तो चक तारेला सर्व बाजूंनी सारखा धरतो. आमच्यापैकी एकाही पदवीधराला हे सुचले नव्हते.

आता तुम्ही एक गणित करून पाहा. लंबकाच्या लांबीला ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा आणि त्याला ६.२८ ने गुणा. लांबी नऊ मीटर असेल तर उत्तर येते सुमारे ६. म्हणजे गोळा जाऊन परत यायला ६ सेकंद लागतात. आमच्या मुलांनी मोजले ते ६ च्या अगदी जवळ आले आणि सर्वांना वाटले, झाला आपला लंबक तयार!

तो तयार नव्हता. पहिल्या दिवशी एका मुलाने गोळा हाताने मीटरभर मागे ओढून सोडला. अर्ध्या तासाने पाहतो तो झोक्याची दिशा वळली होती खरी, पण उलटी. आपल्या गोलार्धात वरून पाहिले असता ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळायला हवी. आमची काट्यांच्या विरुद्ध निघाली. मुले म्हणाली, “सर, आपल्या गावात पृथ्वी उलटी फिरते.”

कारण असे होते. हाताने सोडताना गोळ्याला नकळत बाजूचा थोडा धक्का बसतो. मग तो सरळ रेषेत न झुलता अरुंद लंबवर्तुळात फिरू लागतो. असे लंबवर्तुळ एका जागी स्थिर राहत नाही. गोळा ज्या बाजूने फिरतो त्याच बाजूला ते हळूहळू वळत जाते. याचा पृथ्वीच्या फिरण्याशी काडीचाही संबंध नाही. हा परिणाम किती मोठा असतो ते ऐका. नऊ मीटर लांबीच्या लंबकाला मीटरभर झोका दिला आणि मध्यभागी त्याची वाट फक्त एक सेंटिमीटर रुंद झाली, तरी एवढ्याने झोक्याची दिशा तासाला सुमारे ५ अंश वळते. पृथ्वीच्या फिरण्याने आमच्याकडे दिशा वळायला हवी तीही तासाला जवळजवळ तेवढीच! म्हणजे चोर आणि शिपाई सारख्याच ताकदीचे. लंबक जितका लांब, तितका हा चोर दुबळा पडतो. लेऑं फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या वेधशाळेत आपला प्रयोग दाखवला तेव्हा पृथ्वी फिरताना पाहायला या, अशा अर्थाचे निमंत्रणच लोकांना धाडले होते. पुढच्याच महिन्यात तो पॅंथिऑं या भव्य इमारतीत गेला आणि घुमटापासून ६७ मीटर लांब तारेने २८ किलोचा गोळा टांगून तमाम पॅरिसकरांना त्याने तो प्रयोग दाखवला. त्या उंचीमुळे देखावा तर झालाच, पण प्रयोगही अधिक चोख झाला. विज्ञान दिन हे नाव नव्हते, पण मला तर तोच पहिला विज्ञान दिन वाटतो.

आमच्याकडे घुमट नव्हता. मग आम्ही फुकोचीच युक्ती केली. गोळ्याला सुती दोरा बांधून तो भिंतीच्या खिळ्याला अडकवायचा, गोळा पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि मग दोरा काडीने जाळायचा. दोरा तुटतो तेव्हा कोणाचाही हात गोळ्याला लागलेला नसतो. दोन दिवस हा सराव चालला. गोळा स्थिर व्हायला वीस-वीस मिनिटे लागत, तेवढ्या वेळात कोणी जिन्यावरून धावत गेले की मुले त्याच्यावर खेकसत. तिसऱ्या दिवशी मात्र दिशा योग्य बाजूला, काट्यांच्या दिशेने वळली. त्या मुलांचा आनंद काय सांगू!

एका मुलीची पट्टी

२८ फेब्रुवारी २०१२. अकरा शाळांतली मुले आली होती. जिन्याखालच्या फरशीवर आम्ही एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले होते आणि शेजारी फळा ठेवला होता. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी घेते. म्हणून लंबकाची दिशाही २४ तासांत एक फेरी पूर्ण करते.’ मजकूर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा होता. तो मी वाचला होता आणि ‘ठीक’ म्हटले होते.

दुपारी पाहुणे यायची वेळ झाली होती. मी खुर्च्यांची मांडामांड बघत होतो. नववीतली असावी अशी एक मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात कंपासपेटीतली पट्टी.

“सर, तुमचा लंबक कमी फिरतोय.”

“म्हणजे?”

ती म्हणाली, “वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर आहे. २४ तासांत एक फेरी, म्हणजे तासाला २६ सेंटिमीटर. मी पाऊण तास थांबले. साडेएकोणीस सेंटिमीटर सरकायला पाहिजे होतं. सहाच सरकलंय.”

मी जाऊन पाहिले. तिने वर्तुळावर खडूने दोन खुणा केल्या होत्या. एव्हाना झोका लहान होऊन वर्तुळाच्या आतच राहत होता, म्हणून तिने मैत्रिणीच्या मदतीने केंद्रापासून झोक्याच्या दिशेने दोरा ताणून दुसरी खूण वर्तुळावर घेतली होती. एवढी काळजी आमच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांतही क्वचित दिसते. दोन खुणांमधले अंतर सहा सेंटिमीटरांहून किंचित जास्त होते.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “अगं, घरगुती उपकरण आहे हे. वर चकात घर्षण असतं, हवा असते. इतकं काटेकोर येणार नाही.” तेवढ्यात फाटकाशी पाहुण्यांची गाडी आली आणि मी निघून गेलो. तिचे नाव विचारले नाही. शाळाही विचारली नाही.

रात्री घरी जेवताना ते ‘सहा’ पुन्हा आठवले आणि घास हातातच राहिला. लंबक बरोबर होता. मुलीचे माप बरोबर होते. चूक फळ्यावर होती! आणि ज्या सूत्राने ती चूक उघडी पडते, ते सूत्र मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो. त्यात उपकरणाला दोष देऊन मी मोकळा झालो होतो. ज्या उपकरणासाठी माझी मुले आठवडाभर राबली होती, त्याला.

सहा सेंटिमीटर का?

आता आपण ते कोडे सोडवू. त्यासाठी तुम्हाला मोठे गणित नको. कंपासपेटी पुरे.

तुम्ही उत्तर ध्रुवावर लंबक टांगला आहे असे समजा. खालची फरशी २४ तासांत स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते. (काटेकोरपणे सांगायचे तर २३ तास ५६ मिनिटांत; ती चार मिनिटे आज सोडून देऊ.) लंबक आपली दिशा सोडत नाही, म्हणून आपल्याला तोच २४ तासांत एक फेरी घेताना दिसतो. ध्रुवावर आमचा फळा अगदी बरोबर ठरला असता.

आता विषुववृत्तावर या. तिथे फरशी पृथ्वीबरोबर पूर्वेकडे भरधाव जाते, तासाला सुमारे १६७० किलोमीटर वेगाने. पण ती स्वतःभोवती वळते का? नाही. फरशीचे उत्तरेचे टोक आणि दक्षिणेचे टोक सारख्याच वेगाने पुढे जातात. मग वळण कुठून येणार? विषुववृत्तावर लंबकाची दिशा बदलतच नाही.

आम्ही या दोहोंच्या मध्ये आहोत, साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. आमच्या फरशीच्या केंद्रापासून उत्तरेकडे एक मीटर जा. तुम्ही पृथ्वीच्या अक्षाच्या थोडे जवळ आलात. किती जवळ, हे कागदावर काढून पाहा. एक काटकोन त्रिकोण काढा. त्याचा एक कोन साडेअठरा अंशांचा आणि कर्ण दहा सेंटिमीटरांचा घ्या. त्या कोनासमोरची बाजू मोजा. ती ३.१७ सेंटिमीटरांच्या आसपास भरेल. म्हणजे कर्ण एक मीटर असता तर ही बाजू ३१.७ सेंटिमीटर झाली असती. फरशीचे उत्तर टोक केंद्रापेक्षा अक्षाला एवढे जवळ आहे.

अक्षाला जवळ असलेल्या टोकाला दिवसभरात लहान वर्तुळ फिरावे लागते. किती लहान? ३१.७ ला ६.२८ ने गुणा: १९९ सेंटिमीटर. हेच कोड्याचे उत्तर. केंद्र आणि उत्तर टोक दोघेही पूर्वेकडे निघाले आहेत, पण २४ तासांत उत्तर टोक केंद्राच्या मानाने सुमारे दोन मीटर मागे, म्हणजे पश्चिमेकडे पडते. फरशी वळते ती यामुळेच, आणि तीही काट्यांच्या विरुद्ध. म्हणून लंबक काट्यांच्या दिशेने वळताना दिसतो.

दिवसाला १९९ सेंटिमीटर, तर तासाला ८.३. पाऊण तासाला? ६.२ सेंटिमीटर!

त्या मुलीच्या पट्टीवर हेच आले होते. पूर्ण फेरीला ६२८ सेंटिमीटर जायचे, तर २४ तास मुळीच पुरत नाहीत, सुमारे ७५ तास लागतात. तीन दिवसांहून अधिक. त्रिकोणातल्या त्या बाजूचे कर्णाशी जे गुणोत्तर, त्याला तुम्ही पुढे साइन म्हणाल. आपले जुने गणिती त्याला ज्या म्हणत. चोवीस तासांना अक्षांशाच्या साइनने भागले की कोणत्याही गावचे उत्तर मिळते. पॅरिस जवळजवळ ४९ अंशांवर आहे, म्हणून फुकोच्या लंबकाला फेरीसाठी सुमारे ३२ तास लागत होते. हा साइनचा नियम फुकोने स्वतःच १८५१ मध्ये सांगितलेला आहे. तुमच्या गावाचा अक्षांश नकाशातून काढा आणि तुमच्याकडे किती तास लागतील ते पाहा.

थोडे उलटे फिरवूनही पाहा. खिडकी नसलेल्या खोलीत कोणी तुम्हाला कोंडले आणि एक लंबक, एक घड्याळ व एक पट्टी दिली, तर तुम्ही कोणत्या अक्षांशावर आहात हे सांगू शकाल. आकाशातला एकही तारा न पाहता! नववीतल्या त्या मुलीने नकळत आमच्या गावाचा अक्षांशच मोजला होता, आणि मी तिला म्हणालो, घरगुती उपकरण आहे.

अकरा पत्रे आणि एक पेटी

दुसऱ्या दिवशी मी अकराही शाळांच्या मुख्याध्यापकांना पत्रे लिहिली. आमच्या फळ्यावरचे विधान चुकीचे होते, आपल्या शाळेतल्या किंवा दुसऱ्या एका शाळेतल्या विद्यार्थिनीचे मोजमाप बरोबर होते, आणि हे असे का, हे वरच्या त्रिकोणासह लिहिले. पत्र वर्गात वाचून दाखवावे अशी विनंती केली. चार शाळांची उत्तरे आली. एका शिक्षकांनी लिहिले की मुलांनी त्रिकोण काढला तेव्हा कोणाला २.९ आले, कोणाला ३.४, त्यावर तासभर वाद झाला आणि शेवटी सर्वांची सरासरी काढली. मला वाटते त्या तासाला त्या वर्गात आमच्या प्रदर्शनापेक्षा जास्त विज्ञान झाले असेल. मुलगी कोण, हे मात्र कळले नाही. कदाचित तिच्या शाळेत पत्र वाचले गेले नसेल. कदाचित वाचले गेले असेल आणि तिने हात वर केला नसेल.

तेव्हा मला नारळीकरांचे पोस्टकार्ड आठवले. मुलांच्या हातात प्रश्न असतो आणि मोठ्यांच्या हातात त्या क्षणी वेळ नसतो. किंवा वेळ असतो, पण उत्तर नसते. पोस्टकार्डाने दोघांचीही सोय होते. प्रश्न विचारणाऱ्याला तो नीट मांडावा लागतो, कारण जागा थोडी. उत्तर देणाऱ्याला पुस्तक उघडून पाहायची मुभा मिळते. आणि मुख्य म्हणजे कार्डावर पत्ता असतो. माझ्याजवळ त्या मुलीचा पत्ता असता तर अकरा पत्रांऐवजी एक पुरले असते.

२०१३ पासून आमच्या प्रदर्शनाच्या दाराशी पन्नास पैशांची पोस्टकार्डे आणि एक पत्र्याची पेटी ठेवू लागलो. प्रत्येक मुलाने जाताना एक प्रश्न लिहायचा आणि पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता. उत्तर त्याच कार्डाच्या उरलेल्या जागेत लिहून आम्ही ते टपालात टाकतो. पहिल्या वर्षी पेटी जवळजवळ कोरीच निघाली, कारण मुलांना वाटले ही परीक्षा आहे! ‘गुण नाहीत’ अशी पाटी लावली तेव्हा कार्डे पडू लागली. उत्तरे पदवीचे विद्यार्थी लिहितात आणि मी तपासतो. हल्ली नीट वाचून तपासतो. लंबक टांगणे त्यांना आवडते, पोस्टकार्डे लिहिण्याचा मात्र कंटाळा येतो. तरी लिहितात.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना घेऊन आयुकात किंवा आणखी कोठल्या विद्यापीठाच्या विज्ञान दिनाला जाणार असाल, तर तारीख आणि वेळ आधी विचारून घ्या, कारण गर्दी फार होते. आणि सगळे पाहण्याचा अट्टाहास धरू नका. पाच मुलांना एका ठिकाणी पाऊण तास उभे राहू द्या. बाकीच्यांबरोबर ती रांगेत नसली तर नसोत.

या वर्षीच्या पेटीतले एक कार्ड अजून माझ्या टेबलावर आहे. सातवीतल्या मुलाचे आहे. तो लिहितो: ‘तारेचे वरचे टोक चकाने घट्ट धरले आहे. चक तुळईला, तुळई इमारतीला, इमारत जमिनीला. जमीन वळते तर चकही वळतो. मग तो तारेला पीळ देत असेल. तरी लंबक आपली दिशा कशी सोडत नाही?’

उत्तर मला ठाऊक आहे असे मला वाटते. पण एकदा हात पोळलेले असल्यामुळे ते लिहिण्यापूर्वी पाहून घ्यायचे ठरवले आहे. तुम्हीही पाहू शकाल. जाड दोऱ्याने नव्हे, तारेनेच एक गोळा टांगा, जितका उंचावरून टांगता येईल तितका. गोळ्याच्या दर्शनी बाजूला खडूने एक ठळक ठिपका द्या. दोरा जाळून झोका सुरू करा, आणि तास-दोन तासांनी फक्त एवढेच पाहा: ठिपका कोणाच्या संगतीने गेला आहे, झोक्याच्या की फरशीच्या?